ओटीचे गहू

नेपरव्हिल,
३० जानेवारी १९८४

चारू,

आशीर्वाद आहेतच, ते काही वेगळे पाठवायला नकोत.

काल माझं हळदीकुंकू झालं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत आम्ही सगळ्या काठापदराच्या साड्या नेसून, खाली लोकरीचे मोजे. दारात बुटांचा हा ढीग. वसुधा सगळ्यांच्या आधी आली आणि सगळ्यांच्या शेवटी गेली. तुला आठवते ना, मागे आला होतास तेव्हा जिच्या दुकानात बसून बरणीभर खारे शेंगदाणे फस्त केलेस, ती. ती आणि पुरुषोत्तमराव दोघंच ते दुकान चालवतात. दुकान कसलं, आमचा पार आहे तो. शनिवारी डाळ-पिठाचं निमित्त करून सगळी मराठी मंडळी तिथे तासन्‌तास उभी असतात.

सांगायचं होतं ते वेगळंच. नोव्हेंबरात अकोल्याहून निघताना आईनं माझी ओटी भरली होती. बसून भरली, तिला उभं राहवत नव्हतं. बन्सी गहू, हळकुंड, सुपारी, नारळ, खण. नारळ विमानतळावर कस्टमवाल्यानं काढून घेतला. खणात बांधलेले गहू साड्यांच्या घडीत होते, ते त्याला दिसले नाहीत आणि मीही दाखवले नाहीत. ओटी का कुणाला काढून द्यायची असते? ती नाकारायची नसते, टाकायची नसते, घरच्या धान्यात मिसळून घरच्यांनी खायची असते. एवढं तर तुलाही ठाऊक आहे.

काल मी प्रत्येकीच्या ओटीत इथल्या गव्हांबरोबर आईचे थोडे थोडे घातले. म्हटलं, म्हातारीचा हात सगळ्यांना लागू दे. वसुधा कोकणातली, तिच्याकडे ओटी तांदळाची, पण म्हणाली, आईंची आहे ना, मग गव्हाची तर गव्हाची.

मी निघताना आई विचारत होती, चारू कधी येतो. मी उन्हाळ्यात म्हणून सांगून टाकलं. मला खोटं पाडू नकोस.

ताई


सांता क्लारा,
२० फेब्रुवारी १९८४

ताई,

तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग घाबरलो.

तू भिशीत सांगतेस तसा मी काही शेतकी खात्यातला मोठा सायंटिस्ट नाही. फळमाशीच्या साथीच्या वर्षी लोकांच्या परसात लिंबाच्या झाडांना सापळे टांगत हिंडायचो, तोच मी. आता जरा बरं काम मिळालंय. दोन वर्षांपूर्वी इथे नवी पद्धत निघाली. राज्यं, केंद्र सरकार आणि विद्यापीठं मिळून पाहणी करतात. बाहेरून आलेली कीड सगळीकडे पसरल्यावर बोंबलत बसण्यापेक्षा ती पहिल्यांदा जिथे दिसेल तिथेच धरायची. मी गोदामांत आणि मसाल्याच्या दुकानांत सापळे ठेवतो आणि ते रिकामे निघाले की खूश होतो. असलं उलटं काम आहे.

ज्याला सगळे सगळ्यात जास्त घाबरतात तो खापरा, आपल्याकडचाच पाहुणा. एवढीशी केसाळ अळी. धान्याचा भुगा करते आणि धान्य संपलं की भिंतीच्या फटीत शिरून वर्षानुवर्षं उपाशी बसते, मरत नाही. म्हणून तो सापडला की अख्खी इमारत ताडपत्रीखाली झाकून विषारी वायू सोडतात. आतलं सगळं धान्य जातं.

तेव्हा ते गहू उकळत्या पाण्यात घाल आणि मग टाक. ज्यांना दिलेस त्यांनाही फोन कर. आईचे आहेत, मला कळतं. पण किडीला कुणाची आई कळत नाही.

उन्हाळ्यात यायचं म्हणतेस तर खरं, पण माझ्या ग्रीन कार्डाचं अजून लटकलंय. बाहेर गेलो तर परत येऊ देतील का, हे वकील काही छातीठोक सांगत नाही. आईला एवढं सगळं सांगू नकोस.

चारू


नेपरव्हिल,
८ एप्रिल १९८४

चारू,

फोनवर मी नुसती रडतेय, त्याला काय अर्थ आहे? म्हणून लिहायला बसले.

मामांचं पत्र आलं. आईनं दुपारी चहा मागितला आणि कप येईपर्यंत ती गेली होती. आपल्याला तार मिळाली तोवर तिकडे अस्थी सावडून झाल्या होत्या. पोटची दोन लेकरं, दोन्ही सातासमुद्रापार, आणि खांदा द्यायला शेजारचे. जावई म्हणून प्रतापनं तिकिटासाठी फोन करून पाहिला. मी म्हटलं, आता कुणासाठी जायचं?

तुझे ते गहू मी टाकलेले नाहीत आणि टाकणारही नाही. कुणाला फोनही केला नाही. घरी बोलावून ओटी भरायची आणि मग सांगायचं, बाई गं, त्यात कीड असेल, फेकून दे? लोक तोंडात शेण घालतील. तिच्या हातचं माझ्याकडे आता तेवढंच आहे. तू आपले सापळे सांभाळ.

ताई


सांता क्लारा,
२२ एप्रिल १९८४

ताई,

बरं. गव्हांचं नाव काढणार नाही.

परवा एका गोदामात गेलो तर गोणपाटाचा वास आला आणि एकदम आईची धान्याची खोली आठवली. तिथेच खाली बसलो. माझ्याबरोबरच्या माणसाला वाटलं मला काहीतरी सापडलं, तो टॉर्च घेऊन धावत आला. काही नाही, म्हटलं.

चारू


नेपरव्हिल,
१७ जून १९८४

चारू,

आज एक घरगुती प्रश्न. दीपाच्या वाढदिवसाला गव्हाची खीर करायची म्हणून आईच्या गव्हांचा डबा उघडला, तर आत अळ्या. तपकिरी, अंगभर केस, शेपटीला झुपका. वर सगळ्या काती आणि भुगा. धान्यातले नेहमीचे पोरकिडे नव्हेत, ते मी झोपेतही ओळखीन. दीपा लांबूनच म्हणाली, "ममा, जस्ट थ्रो इट आउट." हिला काय, हिच्या आजीनं हिची ओटी थोडीच भरली होती. मी गहू चाळले, मागच्या लाकडी डेकवर पसरून ऊन दाखवलं आणि एरंडेल चोळून ठेवले.

वसुधाला सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, आमच्याकडेही हेच. दुकानातल्या गव्हाच्या पोत्यात आणि आता डाळींतही. मी विचारलं, तुझ्याकडे कुठून आल्या? तर म्हणते, अगं, ओटीचं धान्य घरच्या धान्यात घालायचं ना? आमच्या घरचं धान्य म्हणजे दुकानातलं पोतं. त्यातच ओतले, म्हटलं बरकत येऊ दे.

इथे कडुनिंबाचा पाला मिळत नाही. तू दिवसभर हेच बघतोस, काही औषध असलं तर कळव. वसुधालाही सांगते.

ताई


सांता क्लारा,
२५ जून १९८४

ताई,

तीनदा फोन केला. दीपानं घेतला, "मॉम्स नॉट होम, मामा" म्हणाली. निरोप मिळाला की नाही देव जाणे.

आधी हे कर. चाळू नकोस, ऊन दाखवू नकोस. डेकवर पसरलेस तेव्हा त्या फटींत गेल्या असतील. डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बांध आणि फ्रीजरमध्ये ठेव. चार-पाच अळ्या रबिंग अल्कोहोलच्या, म्हणजे स्पिरिटच्या, बाटलीत घाल. मग तुमच्या राज्याच्या शेतकी खात्याला फोन कर. नंबर खाली लिहिलाय.

खापराच आहे असं पत्रावरून सांगता येत नाही. पण तू लिहिलंस ते केस आणि तो झुपका वाचून मी तडक फोनच उचलला. डब्याचं काही नाही गं. पण दुकानातलं पोतं! त्यातून गहू किती घरी गेले असतील? उद्या त्यांतले थोडे कुणीतरी गाडीनं ओहायोला नेईल, थोडे कॅन्ससला नेईल. तिकडे गव्हाची कोठारं डोंगराएवढी आहेत.

आणि माझं कामच हे आहे गं. असं कुणाकडून कळलं की वर सांगायचं. पत्र हातात घेतलं तेव्हा मी तुझा भाऊ होतो, खाली ठेवलं तेव्हा खात्याचा माणूस झालो होतो. माझ्यावर ती वेळ आणू नकोस. वसुधाताईंना तू सांग, आजच सांग. त्यांनी स्वतः कळवलेलं बरं दिसेल.

चारू


नेपरव्हिल,
९ जुलै १९८४

चारू,

तू उगाच घाबरवून सोडलंस. नीट उजेडात बघितलं, पोरकिडेच होते. डबा रिकामा करून उकळत्या पाण्यानं धुतला. वसुधानंही पोतं टाकून दिलं. आता काही नाही. विषय संपला.

आणि समजा असलंच काही, तरी तू मला हे करायला सांगतोस? पुरुषोत्तमरावांची नोकरी सुटली तेव्हा वसुधानं स्वतःच्या बांगड्या मोडून ते दुकान उभं केलं. दीपाच्या वेळी आईला येता आलं नाही, तेव्हा माझं बाळंतपण हिनं केलं. डिंकाचे लाडू करून मला बळंबळं खायला घालायची. तिला मी काय सांगू? की तुझ्या ओटीत मी कीड घातली आणि आता तुझं दुकान बंद होणार?

चार वेळा तिच्याकडे सांगायला म्हणून गेले. चारही वेळा चहा पिऊन परत आले.

तू माझा भाऊ आहेस ना? मग गप्प बस. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नव्हतं.

ताई


सांता क्लारा,
१२ ऑगस्ट १९८४

ताई,

तीन आठवडे गप्प बसलो. नंतर बसवेना.

तू पोरकिडे म्हणून लिहिलंस तेव्हाच मला कळलं. लहानपणी तू खोटं बोललीस की शेवटी "विषय संपला" म्हणायचीस.

मी तुझं नाव घेतलेलं नाही. वसुधाताईंचंही नाही. साहेबांना एवढंच सुचवलं की शिकागोच्या आसपासची सगळी भारतीय दुकानं यंदा पाहणीत घ्यावीत. मला वाटलं होतं, दुसऱ्या राज्याचा मामला आहे, कुठे तरी कागद अडेल, कुणीतरी नाही म्हणेल, पुढच्या वर्षावर ढकलतील. पण सगळ्यांनी मिळून काम करायचं असं ठरलंय ना, आठवड्याभरात होकार आला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ते येण्याआधी वसुधाताईंना सांग. अजून वेळ आहे. मी सांगू का? तू म्हणशील तर मी त्यांना फोन करतो.

चारू


नेपरव्हिल,
२३ सप्टेंबर १९८४

चारू,

झालं तुझ्या मनासारखं.

गणपतीच्या आधल्या आठवड्यात आले. फार सभ्य माणसं होती, आणि तेच जास्त लागलं. आरडाओरडा केला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांच्यात एक तरुण गोरी मुलगी होती, ती वसुधाला दर वाक्याला सॉरी म्हणायची. पोत्यांच्या शिवणी उसवल्या, फळ्या काढल्या, भिंतीच्या कडेनं पातळ सुरी फिरवली. त्या फटींतून निघालं ते मी बघितलं. मुठीमुठीनं निघालं.

मग अख्खं दुकान ताडपत्रीत गुंडाळलं. कडेला वाळूच्या पिशव्या, दारावर कवटीचं चित्र. गणपतीत मोदकाच्या पिठीसाठी लोक आले आणि रस्त्यापलीकडून बघून गेले. इथल्या पेपरात छापून आलं, भारतीय दुकानात परदेशी कीड. आता ताडपत्री निघालीय, पण आत काही उरलं नाही आणि यायला कुणी तयार नाही. शनिवारी पुरुषोत्तमराव रिकाम्या गल्ल्यामागे बसलेले असतात. लोक आता पटेलांच्या दुकानात जातात, आपलेसुद्धा.

पहिल्या दिवशी त्या मुलीनं विचारलं होतं, भारतातून कुणी सुटं धान्य आणून दिलं होतं का? मी तिथेच, वसुधाच्या शेजारी उभी होते. वसुधा म्हणाली, काही आठवत नाही, व्यापाऱ्याकडूनच आलं असेल. त्या गडबडीत तिला बिचारीला ओटी आठवलीच नसेल. मला सुटल्यासारखं वाटलं, चारू. खरं सांगते, मला बरं वाटलं.

ते काही मनात टिकलं नाही. पुरुषोत्तमराव त्या व्यापाऱ्याशी फोनवर भांडतात, मी ऐकते आणि भाजी निवडत बसते. शेवटी गेल्या सोमवारी मीच तुझ्या त्या नंबरवर फोन केला. डबा मी धुतला होता, पण आईचे मूठभर गहू खणात बांधून देवघरात ठेवले होते. तीच मुलगी आली. हातमोजे घालून तिनं गाठ सोडली. आत सगळं वळवळत होतं. मी म्हटलं, निदान खण राहू दे, माझ्या आईचा आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण खणही नेला. हळदीकुंकवाला कोण कोण होत्या ते विचारून घेतलं, आता सगळ्यांकडे जातील.

माझ्या देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी, सापळा ठेवून गेलेत. सकाळी निरांजन लावताना तोच आधी दिसतो.

ताई


सांता क्लारा,
२१ ऑक्टोबर १९८४

ताई,

माझ्या मनासारखं काहीच झालेलं नाही.

खापऱ्याची अळी ओळखणारी माणसं इथे थोडी, म्हणून बाहेरच्या राज्यांतले नमुनेही आमच्या टेबलावर येतात. मंगळवारी इलिनॉयहून एक बाटली आली. वर गावाचं नाव होतं, नेपरव्हिल, आणि लिहिलं होतं, खासगी घर, देवघर. त्या मुलीनं इंग्रजीत देवघर कसं लिहावं यासाठी बराच विचार केलेला दिसतो.

आत तीन अळ्या होत्या आणि दोन गहू. लांबट, पिवळे, पोटाशी खोल चीर. बन्सीच. सूक्ष्मदर्शकाखाली मी आधी गहूच बघत बसलो. आई सुपात घेऊन एकेक खडा काढायची, तिच्या बोटांखालून गेलेले ते गहू. मला तिनं शेवटचं काही दिलं नाही, घ्यायला मी गेलोच कुठे. मिळालं ते असं मिळालं, बाटलीवर नंबर लावून.

मग अळ्या बघितल्या. खापरा. मी सही केली.

असे नमुने परत देता येत नाहीत, टाकताही येत नाहीत. ते आता कायम आमच्या कपाटात राहतील, अल्कोहोलमध्ये. कधी उगवणार नाहीत आणि कुणाच्या पोटात जाणार नाहीत. साहेबांना विचारणार होतो की एक गहू घेऊ का, पण काय म्हणून विचारायचं ते सुचेना.

तुमच्या त्या सगळ्या घरांतून काय निघालं ते अजून मला कळलेलं नाही. दोन घरांत आहे एवढं ऐकलं. त्यांपैकी एकीनं मागच्या महिन्यात पीठ बहिणीकडे सेंट लुइसला पाठवलं होतं म्हणे. तिकडे आता सापळे लावतायत.

वसुधाताईंशी बोललीस का?

चारू


नेपरव्हिल,
२५ नोव्हेंबर १९८४

चारू,

वसुधा गेली. पुरुषोत्तमरावांचा भाऊ टेक्ससमध्ये प्लेनोला असतो, त्याच्या ओळखीनं एका ऑफिसच्या कँटीनमध्ये दोघांना काम मिळालंय. दुकानाची जागा सोडली. फळ्यासुद्धा कुणी घेतल्या नाहीत, रस्त्यावर ठेवल्या होत्या.

तू विचारतोस, बोलले का. माझ्याकडे पाहणीवाले आले हे गावभर झालं, मग वेगळं काय बोलायचं राहिलं होतं? ती आली नाही, मी गेले नाही. समोरून दिसली की हसायची, पण नेहमीसारखी थांबायची नाही.

काल सकाळी त्यांची गाडी भरत होते. मला राहवेना. सवाशीण घर सोडून निघालीय आणि तिची ओटी भरायला कुणी नाही, असं कसं चालेल? सुपरमार्केटमधून तांदळाचं सीलबंद पाकीट घेतलं, इथलंच, टेक्ससचं. तिच्याकडची ओटी तांदळाची ना. नारळ घेतला, नवा ब्लाउजपीस घेतला आणि गेले. पाकीट तिच्यासमोरच फोडलं, म्हटलं, नीट बघून घे, स्वच्छ आहेत.

तिनं सवयीनं पदर पुढे केला. मी ओंजळ भरली. आणि मग, चारू, तिनं तो पदर सावकाश आवरला आणि कमरेला खोचला. रागानं नाही रे. रागानं केलं असतं तर मी पाया पडले असते. ओटी नाकारायची नसते हे मला सांगायला आणखी कोण हवं होतं, तिलाही ते माहीत आहे. मी ओंजळ तशीच धरून उभी. पुरुषोत्तमराव गाडीत बसून समोर बघत होते.

ती म्हणाली, "मी तुझं नाव घेतलं नव्हतं, मृणाल. तू शेजारीच उभी होतीस."

एवढंच म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

तिला ओटी आठवली नव्हती, असं मी तुला लिहिलं होतं. तिला पहिल्या दिवसापासून आठवत होती. ती माझी वाट बघत होती.

ओंजळीतले तांदूळ परत पाकिटात घालून घरी आणले. ते टेबलावर आहेत. टाकवत नाहीत आणि शिजवायला हात होत नाही. प्रताप म्हणतो पक्ष्यांना घाल, दीपा म्हणते गरिबांसाठीच्या फूड ड्राइव्हला दे. तुझ्या खात्यात अशा तांदळाचं काय करतात, ते लिही.

ताई